झिजलेला रुपया

फार पूर्वी, वस्तूंना एकमेकींचं बोलणं कळायचं तेव्हाची ही गोष्ट. आत्याच्या माघारी सुगंधाला चांदीचे दोन जुने रुपये मिळाले. एक लखलखीत होता. दुसरा इतका झिजला होता, की त्याच्यावरचा राजाचा चेहराही पुसून गेला होता.

किंमत कळावी म्हणून ती सराफाकडे गेली. सराफाने भिंगातून दोन्ही पाहिले.

"वहिनी, हा अगदी टाकसाळीतून आल्यासारखा आहे. शौकीन लोक याचे चांदीहून कितीतरी जास्त देतील. दुसऱ्यात नुसती चांदी, तीही कमी. तो मी वितळवीन."

लखलखीत रुपया हसून म्हणाला, "मी जन्मभर रेशमी कापडात राहिलो. तू कुठे एवढा झिजलास?"

"आत्याच्या हातात," झिजलेला म्हणाला. "गल्लीत कुणाच्या बाळाचं उष्टावण असलं, की ती मला घेऊन जायची. बाळ पहिली खीर माझ्यावरून चाटायचं. कुणी खुदकन हसायचं, कुणी तोंड वाकडं करायचं. मग आत्या मला राखेने घासून ठेवायची. आता वितळायचंय, पण ती सगळी बाळं आठवतात."

इतक्यात सुगंधाने त्यालाच उचलून कनवटीला खोचलं. "हा नाही द्यायचा. माझा पहिला घास याच्यावरचा, माझ्या लेकींचाही."

लखलखीत रुपया तिने विकला. सराफ त्याला मखमली डबीत ठेवू लागला, तेव्हा तो घाईघाईने ओरडला, "अरे, थांब! खीर लागते कशी, तेवढं सांगून जा!"

"कोमट," झिजलेला म्हणाला, आणि डबी बंद झाली.