वेशीनं तोंड का फिरवलं

मंडळी, तोंड गावाकडे आणि पाठ रस्त्याकडे, अशी वेस तुम्ही कधी पाहिली आहे का? सगळी नक्षी आतल्या बाजूला, आणि बाहेरून येणाऱ्याला नुसते ओबडधोबड दगड? सोनवट गावी अशी वेस आहे. परके लोक म्हणतात, गवंडी चुकला असेल. गवंडी नव्हता चुकला. राजा चुकला होता.

एका राज्यात धृतसेन नावाचा राजा होता आणि सोनवट ही त्याची राजधानी. राजा शूर, न्यायी, पण कुळाचा एक नेम त्याच्या मानेवर बसलेला. राजानं कोणतीही गोष्ट एकदाच बोलायची. "पाणी आणा," एकदा. "शत्रूवर चाला," तेही एकदाच. ज्याला ऐकू गेलं नसेल त्याच्यासाठी सिंहासनाच्या दांडीवर आवडाबाई नावाची साळुंकी बसे. ती पुन्हा सांगे.

सोनवटच्या वेशीवर एक दगडी कीर्तिमुख होतं. वटारलेले डोळे, हे एवढाले दात, आणि दगडाला न शोभणारी भूक. गावात कार्य निघालं की पहिलं पान त्याचं. त्या बदल्यात ते वेस राखी. चोर बाहेरून आत शिरला की तो पुन्हा बाहेरच निघे.

राजकन्या कुंदप्रभेचं लग्न लागलं. नदीपलीकडच्या राणी भानुमतीचा मुलगा जयपाळ हा जावई. राजाच्या घरातलं हे पहिलंच कार्य. राजा स्वतः जिलब्यांचं ताट घेऊन शिडी चढला.

"कीर्तिमुखराव, जिलबी घ्या."

"नको, नको," कीर्तिमुख लाजून म्हणालं. "पोट अगदी भरलंय."

"बरं," राजा म्हणाला, आणि ताट घेऊन खाली उतरला.

कीर्तिमुखाचं उघडं तोंड उघडंच राहिलं. संध्याकाळी वेस पायासकट उठली, गर्रकन फिरली आणि गावाकडे तोंड करून बसली.

"इतकी वर्षं परक्यांना अडवलं," ते गरजलं. "आता घरच्यांना अडवतो!"

दुसऱ्या दिवशी पाठवणी निघाली. राजकन्या रडली, तिची राणीआई रडली, दासी रडल्या. डोली वेशीतून बाहेर पडली आणि गावातच आली. भोयांनी ती वळवली, पुन्हा निघाले, पुन्हा आत. प्रत्येक वेळी नव्यानं रडणं आलं. तिसऱ्या खेपेला राणीआईचे अश्रू संपले. "आलीस? हातपाय धुऊन घे," ती म्हणाली.

पण गोष्ट हसण्यावारी नेण्यासारखी नव्हती. त्या राज्यात रीत अशी, की लग्नापासून चौथ्या दिवशी, सूर्य माथ्यावर यायच्या आत, नवरीनं सासरच्या उंबऱ्यावरचं माप ओलांडायचं. नाही ओलांडलं तर लग्न मोडलं. आणि कुंदप्रभेला जयपाळ फार आवडला होता. ती डोलीतून उतरेना.

"मी इथंच बसते. वाट मोकळी झाली की सांगा."

राजा वेशीपाशी गेला. "कीर्तिमुखराव, रागावलात?"

"छे! मी कशाला रागावू?"

"बरं." राजानं प्रधानाला सांगितलं, "ते रागावलेले नाहीत. दुसरं कारण शोधा."

मग सेनापतीनं हत्ती आणला. हत्ती धावत वेशीत शिरला आणि धावतच गावात आला. बाजारात एक भोपळा शाबूत राहिला नाही.

मग जादूगार कंकभट आला. "दगडा, मऊ हो!" त्यानं मंत्र फुंकला. मंत्र वेशीतून गेला, परत आला आणि कंकभटालाच मागून लागला. त्याला घडी घालून घरी न्यावं लागलं.

तिसऱ्या दिवशी प्रधानानं आवडाबाईला धाडलं. "कीर्तिमुखराव, जिलबी घ्या," ती हुबेहूब राजाच्या आवाजात म्हणाली.

"मी काय पिंजऱ्यात आहे, पाखरांच्या पंगतीला बसायला?" कीर्तिमुख म्हणालं. साळुंकी अपमान घेऊन परत आली.

दिवस कलला. तेव्हा दोन दासींचा आधार घेत वऱ्हाडाच्या बिऱ्हाडातून राणी भानुमती आली. चेहरा पांढराफटक.

"व्याही, पाहुण्यांना उपाशी मारायची तुमच्याकडे रीत आहे का?"

राजा दचकला. "विहीणबाई, मी रोज विचारलं. तुम्ही नको म्हणालात."

"म्हणणारच! मी वरमाय. पहिल्याच हाकेला वाढा म्हणू? आमचं सगळं वऱ्हाड नको म्हणालं, आणि तुमच्या वाढप्यांनी पातेली उचलून नेली. आमचे मामंजी काल तबेल्यात घोड्याचे हरभरे खाताना सापडले!"

"मग करायचं काय?"

"पुन्हा विचारायचं. त्या वेशीवर बसलेल्यालाही तेच हवंय."

"आमच्या कुळात राजा एकदाच..."

"मग तुमच्या कुळात मुलगी माहेरीच राहील."

डोलीचा पडदा हलला. "बाबा," कुंदप्रभा म्हणाली, "मला घरीच ठेवायचंय का तुम्हाला?"

"नाही," राजा म्हणाला. पुन्हा सांगायला आवडाबाईनं चोच उघडली. पण त्याआधीच राजा म्हणाला, "नाही गं, नाही."

साळुंकीची चोच तशीच राहिली.

शिडी लागली. राजा परात घेऊन वर चढला. खाली सगळं सोनवट गोळा झालं.

"कीर्तिमुखराव, जिलबी घ्या."

"नको."

सात पिढ्या जे कोणी बोललं नव्हतं ते बोलायचं होतं. "घ्या हो. एकच."

"छे, तिळाएवढी जागा नाही."

"अर्धी तरी! तुम्हाला आमच्या कुंदप्रभेची शपथ. तुम्ही नाही घेतलीत तर मीही जेवणार नाही!" आणि उत्तराची वाट न बघता राजानं जिलबी त्या दगडी जबड्यात घातली.

"अहो, अहो! पुरे! काय हा आग्रह!" कीर्तिमुख ओरडलं, आणि त्यानं आणखी मोठा आ वासला.

परात संपली. दुसरी आली, तिसरी आली. खाली राणीआई आणि दासी वऱ्हाडाला वाढू लागल्या, आणि एवढा आग्रह केला की मामंजींना पानावरून उचलून न्यावं लागलं. तिसऱ्या परातीच्या तळाशी वेशीतून नदीचा गार वारा आत आला. वाट मोकळी झाली होती.

"आता पहिल्यासारखे फिरून बसा," राजा म्हणाला.

"फिरलो असतो," कीर्तिमुखानं ढेकर दिली, "पण आता हलवत नाही. उद्या बघू."

राजाला आता सवय लागली होती. त्यानं सात वेळा आग्रह केला. पण कीर्तिमुख झोपलं होतं. ते अजून तसंच, गावाकडे तोंड करून आहे.

दुसऱ्या दिवशी सकाळी कुंदप्रभेची डोली वेशीतून बाहेर पडली आणि बाहेरच राहिली. सूर्य माथ्यावर यायच्या आत तिनं सासरच्या उंबऱ्यावरचं माप ओलांडलं.