बासष्ट पासवर्ड

“तिसऱ्यांदा अर्ज फेटाळला, सर. आता तुम्हीच सांगा, माझ्यात काय कमी आहे?”

नेर्लेकर सर मिरजेतल्या आपल्या घराच्या ओट्यावर तुरीच्या शेंगा सोलत बसले होते. तीस वर्षं त्यांनी पॉलिटेक्निकात संगणक शिकवला होता. मान वर न करता ते म्हणाले, “बस. शेंगा सोल.”

प्रणिल मगदूम बसला. शेंगांना हात लावला नाही.

पुण्याची नोकरी सोडून तो इचलकरंजीला परतला होता. गावातल्या बासष्ट दुकानांच्या इंटरनेटवरच्या जाहिराती तो सांभाळत होता. रोज एकेका खात्यात हातानं शिरायचं, जाहिरात बघायची, बदल करायचे. आता त्यानं हे सगळं एका दमात करणारा प्रोग्राम लिहिला होता. पण जाहिरात कंपनीच्या यंत्रणेशी थेट बोलायला त्या प्रोग्रामला कंपनीची मंजुरी हवी होती. तोवर तो चालणार फक्त सरावाच्या, खोट्या खात्यांवर. दसऱ्याच्या आत मंजुरी नाही मिळाली, तर पुन्हा पुणं.

“माझ्या प्रोग्राममध्ये एक चूक काढून दाखवा.”

“वाचला मी. चूक नाही.”

“बघा!”

“सुरेख आहे. मी लिहिला असता तर इतका नेटका झाला नसता.”

“मग?”

“मंजुरी प्रोग्रामला देतात, असं तुला कुणी सांगितलं?”

प्रणिलनं ते मनावर घेतलं नाही. “सर, मंजुरीच्या टेबलावर तुमचा जुना विद्यार्थी विद्याधर बसतो. अख्ख्या कॉलेजला ठाऊक आहे. तुमचा एक फोन...”

“करतो की. तो लगेच उचलेल. माझी तब्येत विचारेल. आणि तुझा अर्ज चौथ्यांदा फेटाळेल.” सर हसले. “तेवढा बरा शिकवलाय मी त्याला.”

प्रणिलनं खिशातला मोबाईल काढून पुढ्यात ठेवला.

“कारण काय दिलं त्यांनी?”

“एकच ओळ. दुकानदारांची परवानगी कशी घेता, ते स्पष्ट करा.”

“तू काय लिहिलं होतंस?”

“खरं ते. बासष्ट जणांनी आपापले पासवर्ड माझ्या हातात दिलेत. वेगळी परवानगी कशाला?”

“रीत काय आहे?”

“रीत पाठ आहे, सर. दुकानदारानं स्वतः आपल्या खात्यात शिरायचं. कंपनी त्याला विचारते, या प्रोग्रामला आत घेऊ का? तो हो म्हणाला, की प्रोग्रामला एक टोकन मिळतं. पासवर्ड कळतच नाही. आणि मालकाच्या मनात येईल तेव्हा तो ते टोकन रद्द करू शकतो.” प्रणिलनं हात झटकला. “हे परक्या माणसांसाठी. आमच्याकडं विश्वास असतो.”

“असं?”

“शिरगावे वस्त्रालयाचंच घ्या. शांतिनाथकाका जाऊन आठ महिने झाले. खातं अजून त्यांच्याच नावावर. मधूनच कंपनी त्यांच्या मोबाईलवर सहा आकडी कोड पाठवते. काकूंनी तो मोबाईल चार्ज करून ठेवलाय. मी फोन केला, की त्या कोड वाचून दाखवतात. कशाला हवा म्हणून विचारतसुद्धा नाहीत. आता बोला!”

सरांचे हात थांबले.

“जाहिरात कुठली चालते?”

“माझीच. ‘लग्नाचा बस्ता? शांतिनाथकाकांना फोन करा.’ खाली काकांचा नंबर. बासष्टांत सगळ्यात जास्त चालणारी.”

“अजून तीच?”

“चालणारी जाहिरात कुणी बदलतं का, सर? आठवड्याला दहा-बारा फोन येतात.”

“कुणाला?”

“काकांना... म्हणजे त्या नंबरवर.”

“उचलतं कोण?”

सरांनी त्याच्यापुढचा मोबाईल बोटानं त्याच्याकडे सरकवला.

“कुणाला लावू?”

सर पुन्हा शेंगा सोलू लागले. प्रणिलनं काकूंना फोन लावला. पलीकडचा आवाज ओट्यापर्यंत ऐकू आला.

“प्रणिल का रे? थांब हं, कोड आला का बघते...”

“नको, काकू. कोड नको.”

“मग?”

“ती काकांच्या नावाची जाहिरात... तुम्हाला काही त्रास?”

“त्रास कसला रे. लोक विचारतात, काका आहेत का? मी म्हणते, नाहीत. मग ते म्हणतात, कधी येतील?”

“काकू, ती चालू ठेवू, का बंद करू?”

“हे मला विचारायचं असतं होय रे?”

“होय.”

“मला वाटलं, तुमचं ते मशीनच ठरवतं. आत्ताच नको सांगायला. विचार करते. उद्या कर फोन.”

फोन बंद झाला. प्रणिलनं आपली वही काढली, पासवर्ड लिहिलेली पानं उघडली, आणि तशीच उघडी मांडीवर ठेवली.

“सर, सगळ्यांना आपापले पासवर्ड बदलायला सांगतो. नंतर प्रत्येकाकडे जाऊन रीतसर विचारतो. त्याच्या दुकानात, त्याच्याच मोबाईलवर.”

“विचार.”

“बासष्टच्या बासष्ट हो म्हणतील. बघाच तुम्ही. एकही नाही म्हणणार नाही. मग चौथा अर्ज पाठवू ना?”

सरांनी सोललेले दाणे सुपात सारखे केले.

“नाही म्हणता येतं, हे त्यांना कळू दे. एक तरी नकार घेऊन ये. मग पाठवू.”