दोन हाकांचं तळं

"म्हणजे मथळा बदलायचा नाहीच, अप्पा?"

अप्पा घेवडा निवडत होते. इंटरनेटवरच्या मुक्त ज्ञानकोशावर देखरेख ठेवणाऱ्यांतले, म्हणजे प्रचालकांतले, ते सर्वांत जुने. लेखाच्या नावावरून जुंपली की भांडण त्यांच्या ओसरीवर यायचं. शिरीष मात्र निवाडा मागायला नव्हे, जिंकायला आला होता.

शिरीषच्या गावामागच्या डोंगरात एक तळं आहे. शिरीषचं गाव त्या तळ्याला घोडतळं म्हणतं, डोंगरापलीकडचं गाव जोगतळं. लेख सुरू केला पलीकडच्या केतकीने, म्हणून मथळा 'जोगतळं'. पुढे दोघांनी मिळून तो वाढवला, उन्हातान्हात फोटो काढले. मग मथळ्यावरून बिनसलं. शिरीषने लेखाच्या चर्चापानावर, जिथे वाद घालतात तिथे, पुराव्यांचा ढीग घातला आणि केतकीशी बोलणं टाकलं.

"आजीने बोट धरून मला घोडतळंच दाखवलं," तो म्हणाला. "ते नावच पुसायचं असेल, तर मी आजपासून लिहिणं सोडतो."

खरं दुखणं तेच होतं.

रस्त्यावरून कुणीतरी विचारलं, "मास्तर, आहात का?"

"ओ," अप्पा म्हणाले.

आतून हाक आली, "अहो, झाला का घेवडा?"

"ओ… होतोय."

शिरीष वैतागला. "अप्पा, माझं ऐकताय ना?"

अप्पांनी त्याचा फोन त्याच्यापुढे सरकवला. "तळं शोध. तुझ्या नावाने."

"त्या नावाचा लेखच नाही."

"शोधलंस कधी?"

नव्हतं शोधलं. भांडायला निघालेला माणूस रोज थेट चर्चापानावरच उतरायचा.

त्याने 'घोडतळं' लिहिलं. तळ्याचा लेख उघडला. मथळ्याखाली बारीक अक्षरांत एक ओळ होती: 'घोडतळं' या नावावरून येथे आणले आहे.

"ही वाट कुणी करून ठेवली?"

"पानाचा इतिहास बघ. कुणी काय केलं ते तिथे असतं."

त्याने पाहिला. केतकीने. लेख सुरू केला त्याच दिवशी.

शिरीषच्या छातीवरचा दगड उतरला. आजीचं नाव कुठेच गेलं नव्हतं. तो मोकळं हसला, आणि मग ओशाळला.

"तिने मला सांगितलं का नाही?"

अप्पांनी पुढची शेंग उचलली. शिरीषला केतकीचे निरोप आठवले. एकही त्याने उघडला नव्हता.

"मग… निवाडा काय, अप्पा?"

अप्पांनी शेंगेची शीर ओढली.

"तळं दोन्ही हाकांना ओ देतंय. तू केतकीला कधी देतोस?"