चिमाईचा उजवा हात

फार वर्षांपूर्वी, देवीच्या साथीची धास्ती ओसरली नव्हती आणि करंजथर गावात दारोदारी कडुनिंबाचे डहाळे लटकत होते, त्या काळी गावदेवीची पूजा चिमाई गुरवीण करीत असे.

त्या वर्षी जत्रेत एका परक्या विक्रेत्याने झगझगीत लाल कुंकू आणले. घरच्या हळदीच्या कुंकवापेक्षा ते उजळ दिसे, म्हणून वयात येणाऱ्या पोरींनी ते हौसेने घेतले. पाटलांची चौदा वर्षांची भिवरा मळवट भरून घरी आली आणि दुसऱ्या सकाळी तिचे कपाळ फोडांनी भरले. घरच्यांनी ठरवले, देवी आली. देवी आलेल्या अंगाला पाणी लावायचे नाही, त्याची पूजा करायची, हा तेव्हाचा रिवाज. बायका येत, भिवराच्या कपाळी तेच नवे कुंकू लावीत आणि पाया पडत. सूज पापण्यांवर उतरली. लोक म्हणाले, देवी फार कडक आहे.

चिमाईने मात्र पाहिले, की पोरीच्या अंगात ताप नाही, तळहातांवर पुरळ नाही. जिथे कुंकू ओघळले तेवढेच कातडे पेटले आहे. तिने घंगाळभर पाणी मागितले.

“देवीच्या तोंडावर पाणी?” भिवराची आत्या दारात आडवी आली. “गुरवीणबाई, गाव बुडवायचंय का?”

“मला देवी नको,” आतून भिवरा म्हणाली, “पाणी द्या. मला दिसत नाही.”

पाटलांनी घंगाळ अडवले. तेव्हा चिमाईने सगळ्यांदेखत डाव्या कोपराच्या खळीत जुने कुंकू भरले, उजव्या खळीत नवे, आणि दोन्हींवर फडकी बांधली.

“उद्या सकाळपर्यंत पोरीला बोट लावू नका,” ती म्हणाली. “माझ्या अंगावर देवी कुठल्या कुंकवातून येते ते बघा. कुठूनच आली नाही, तर मी मंदिराची पायरी सोडीन.”

सकाळी फडकी सोडली. डावा हात स्वच्छ होता. उजवा, रात्री घामाने कुंकू ओघळले होते तिथवर, कोपरापासून मनगटापर्यंत फोडांनी भरला होता. असं म्हणतात, की त्याच क्षणी गाभाऱ्यातल्या पाषाणमूर्तीच्या उजव्या हातावरही फोड उमटले. काही जण सांगतात, मूर्तीने तो हात मिटून घेतला. पाठ निरनिराळे आहेत; पण भिवराचे तोंड धुवायला घंगाळ पाटलांनी स्वतः उचलले, यावर सर्वांचे एकमत आहे.

काही दिवसांनी भिवराचे डोळे उघडले, तेव्हा शेजारची एक बाई अजून पाया पडायला वाकली होती.

“उठा काकू,” भिवरा म्हणाली, “देवी गेली. खाज तेवढी राहिलीय.”

चिमाईचा हात मात्र पुढे कधी पुरता निवळला नाही, असं म्हणतात. करंजथरात आजही नवे कुंकू देवीला वाहण्याआधी एक दिवस गुरवाच्या उजव्या कोपराच्या खळीत राहते. तालुक्याच्या बाजारातून पोरी क्रीम आणतात, केसांचा रंग आणतात. डबी उघडून कुणी थेट चेहऱ्याकडे बोट नेले, की घरातून हटकणारे कुणीतरी असतेच: “चिमाईला दाखवलंस का?”