दौलत बँडवाल्याची नोंद

“पण माई, माणूस कोशात घालण्याइतका मोठा आहे की नाही, हे ओळखायचं कसं?”

विश्वंभर घाटोळांनी आल्या आल्या हेच विचारलं. पायसुद्धा धुतले नव्हते.

माई ओसरीवर अंबाडीची भाजी निवडत होत्या. पैनगंगेच्या काठावरचा त्यांचा मठ म्हणजे दोन खोल्या, एक ओसरी आणि समोर घाटाच्या पायऱ्या. चैत्रातली दुपार. नदीत नुसती डबकी उरलेली.

“बस.”

“बसवत नाही, माई.”

विश्वंभर जिल्ह्याच्या चरित्रकोशाचे संपादक. कॉलेजात असल्यापासून मठात यायचे. एरवी मोठे ताठ. घाटोळ सरांच्या चाळणीतून भलता माणूस खाली पडत नाही, असं लोक म्हणत, आणि ते त्यांना आवडे. पण आठवडाभर त्यांना धड झोप नव्हती.

“कोण आहे तो?”

“दौलत गोपनारायण. नोंदीसाठी अर्ज आलाय त्याचा. लग्नात बँड वाजवायचा. गाणी स्वतः बांधायचा. पुढे लग्नाच्या शूटिंगच्या कॅमेऱ्यावर वऱ्हाडीत सिनेमे काढले. काम करणारी माणसं गावातलीच. बाजाराच्या दिवशी धोतराचा पडदा करून दाखवायचा.”

“चांगले होते?”

“ते मी ठरवायचं नसतं. दुसऱ्या कुणी त्याच्याबद्दल लिहिलेलं पाहिजे, असा नियम आहे. पेपरात, पुस्तकात, कुठंतरी. कुणी एक ओळ लिहिलेली नाही.”

“मग नाही म्हण.”

“म्हणवत नाही…” विश्वंभर थांबले. “आमच्याकडे धुण्याला बाई येते. ती त्याचं एक गाणं म्हणत होती. मी विचारलं, हे कुणाचं? ती म्हणाली, कुणाचं म्हणजे? गाणं आहे ते.”

“मग हो म्हण.”

“अन् लोक हसतील! म्हणतील, म्हातारपणी सरांची चाळणी फाटली. उद्या पानं छापखान्यात जातात, माई. आज संध्याकाळपर्यंत मला सांगायचंय.”

माईंनी एक जून काडी बाजूला टाकली.

“हयात आहे का तो?”

“आहे. बाहेरच बसलाय.”

माईंनी वर पाहिलं.

“माझ्याच बसनं आला. मागच्या बाकावर बसला होता. एक शब्द बोलला नाही. मी उतरलो, तोही उतरला. आता घाटावर बसलाय.”

“अशा उन्हात? बोलव त्याला.”

दौलत आला. साठीचा, वाळलेला माणूस. इस्त्रीचा शर्ट, गळ्यापर्यंत गुंड्या लावलेल्या. माईंच्या पाया पडला, पण डोळे विश्वंभरांकडे.

“मी काही मांगाले नाही आलो, माई. निस्तं आयकाले आलो. हो का नाही, तेवढंच. घरी जीव लागत नाही. पोरगी म्हणते, आबा जेवा. पन घास खाली उतरत नाही.”

“त्या नोंदीवाचून एवढं काय अडलं, दौलतभाऊ?”

“सिनेम्याच्या कॅसेटीले बुरशी लागली. त्यातले अर्धे मानसं गेले. बँड डीजेनं खाल्ला. माह्यामांगं काय राह्यलं? पुस्तकात नाव असलं, तं कोनी म्हनीन तरी… होता एक.”

माईंनी हातातली भाजी खाली ठेवली. मग म्हणाल्या,

“गा.”

“आत्ता?”

“आत्ता.”

दौलतनं घसा खाकरला. नवरी निघतानाचं गाणं होतं.

“हळू हाक गाडीवाल्या, माय मांगं पाह्यते…”

पहिली ओळ झाली, त्यानं सरांकडे पाहिलं. दुसरी झाली, पुन्हा पाहिलं. तिसऱ्या ओळीत आवाज कापला. चौथी ओळ भलतीकडेच गेली.

तो थांबला.

“सूर गेला,” तो हळूच म्हणाला. “जन्मात नाही गेला, माई. अंगात ताप असताना वाजोलं. बाप गेल्यावर तिसऱ्या दिवशी वाजोलं. तवाही नाही गेला…”

माई विश्वंभरांकडे वळल्या.

“कसं वाटलं?”

“मी बघत होतो, की यात नोंद घेण्यासारखं…”

“ऐकलंस का?”

“…नाही, माई.”

“हा गात नव्हता. तू ऐकत नव्हतास. मग इतका वेळ इथं काय चाललं होतं?”

विश्वंभरांनी मान खाली घातली.

माईंनी भाजीची पाटी दोघांच्या मधे सरकवली.

“निवडा. मला आता नीट दिसत नाही.”

“माई, वेळ थोडा आहे…”

“म्हणूनच. दोघं मिळून निवडा.”

दोघं पाटीवर वाकले. पान खुडायचं, देठ टाकायचा. आधी हात अडखळत होते. मग चालू लागले. माई भिंतीला टेकून डोळे मिटून बसल्या. खाली डबक्याकाठी म्हशी हलल्या.

दौलत केव्हा गुणगुणू लागला, ते त्यालाही कळलं नाही. तेच गाणं. या वेळी तो कुणाकडे पाहत नव्हता. आवाज भाजीत जात होता आणि तिथून वर येत होता. दुसरं कडवं संपलं. तो श्वास घ्यायला थांबला…

आणि पुढची ओळ विश्वंभर म्हणून गेले.

बेसूर, पण शब्द न् शब्द बरोबर.

दौलतच्या हातातलं पान तसंच राहिलं.

“सर… तुमाले येते?”

धाकट्या बहिणीची पाठवणी विश्वंभरांपुढे उभी राहिली. मांडवामागे, रिकाम्या पातेल्यांच्या आड ते एकटे रडत होते. कुणाला दिसू नये म्हणून. आणि पलीकडे बँडवाला हेच गाणं गात होता. कोण गातंय, हे त्यांनी तेव्हा डोकावून पाहिलं नव्हतं. नंतरही कधी विचारलं नव्हतं.

“मला येतं,” ते म्हणाले. “मला ठाऊकच नव्हतं.”

त्यांनी तिथूनच छापखान्यात फोन लावला. “एक नोंद वाढतेय. गोपनारायण, दौलत. हो, मीच लिहून देतो. संध्याकाळी.”

दौलत हसला नाही. त्यानं हातातलं पान पाटीत टाकलं.

“मंग त्यात हेही लिवा, सर,” तो म्हणाला. “का आज एकडाव त्याचा सूर गेला होता.”

“लिहितो.”

माईंनी भाजी शिजवली. त्याला भाकरी वाढली, वर भाजी. तो जेवला. पहिले दोन घास अडखळत, मग पोटभर. ताट पुसून खाल्लं. नंतर तो नदीकडेनं फाट्यावर गेला आणि आलेल्या बसमध्ये चढला.

विश्वंभर ओसरीवरच बसून होते. बस दिसेनाशी झाली, तसे ते माईंकडे वळले.

“माई…”

“हं.”

“गेल्या महिन्यात एका पुढाऱ्याच्या वडिलांची नोंद मी फेटाळली. कोश निघाला की ते पुढारी माझ्या दारात उभे राहतील. माझ्या वडिलांना नाही म्हणालात, अन् बँडवाल्याला हो? असं विचारतील. काय सांगू त्यांना?”

“म्हणावं, वडलांची आठवण काढून काही गुणगुणून दाखवा.”

विश्वंभर घुटमळले.

“अन् गुणगुणले तर?”

माईंनी रिकामी पाटी उचलली, पायरीवर झटकली.

“तर त्यांच्या वडलांनाही घे.”