राजाचा रांजण आणि ठकूबाईची टोपी

"रांजण उघडायचा नाही, आत हात घालायचा नाही, पाणी क्षणभरही थांबवायचं नाही! आणि तरी येत्या पौर्णिमेला आतली वाळू मला स्वच्छ दिसली पाहिजे!"

निंबसरच्या राजा चंद्रभानाने हुकूम सोडला आणि मिशीला पीळ भरला. समोर रांजण नुकताच धुऊन, पुन्हा भरून आलेली ठकूबाई उभी होती. कोपरापर्यंत हात काळ्या गाळाने माखलेले, आणि कपाळावरही एक फराटा.

झालं होतं असं. राजाच्या दिवाणखान्यात काचेचा मोठा हौद होता आणि हौदात दूरदेशीचे रंगीत मासे. हौदातलं पाणी तांब्याच्या नळीतून खाली ठेवलेल्या रांजणात उतरायचं. रांजणात गोटे, वाळू आणि कोळसा यांचे थर. त्यांतून गाळून निघालेलं पाणी अंगणातला रहाट पुन्हा वर हौदात चढवायचा. ही सगळी करामत राजाने स्वतः आखली होती, आणि येणाऱ्याजाणाऱ्या प्रत्येकाला तो ती कौतुकाने दाखवायचा.

पण माशांची घाण आणि उरलंसुरलं खाणं वाळूत अडकून रांजण दर महिन्याला तुंबायचा. मग झाकणाचा चुना फोडा, सगळे थर उपसा, धुवा, पुन्हा भरा! दोन दिवस पाणी बंद. या खेपेला त्या दोन दिवसांत राजाचा लाडका सोनेरी मासा पोट वर करून तरंगला.

"सरकार, माशाचं मलाही वाईट वाटतंय," ठकूबाई म्हणाली होती. "पण हा रांजण धुवायचा म्हणजे फार अवघड काम. त्यात जरासा बदल केला तर..."

"बदल? माझ्या रांजणात?" राजा उसळला होता, आणि तो हुकूम तिथेच सुटला होता.

"आणि नाही जमलं तर?" तिने विचारलं.

"तर वाड्यातून चालती हो! अकरा वर्षं चाकरी केलीस म्हणून गय नाही!"

"बरं. नळीला हात लावलेला चालेल?"

"नळी तांबटाने केली आहे, मी नाही. लाव खुशाल!"

दरबारी हसले. ठकूबाई निघाली. जिना उतरताना मात्र तिला एकच घोर लागला होता. या वयात दुसरी चाकरी कोण देणार?

विहिरीवर येऊन ती हात धुवायला बसली. वाळक्या घोसाळ्याचा तुकडा घेऊन खसाखसा घासू लागली. गाळ निघाला. तुकड्यावर पाणी ओतलं तर पाणी आरपार गेलं आणि गाळ जाळीतच अडकून राहिला. ठकूबाई थबकली. तिने पुन्हा पाणी ओतलं. पुन्हा तेच!

ती उठली ती थेट मळ्यात. वेलावर चांगली हातभर लांब घोसाळी वाळत होती.

"अगं ए! बियाण्याची आहेत ती!" म्हादू माळी ओरडला.

"बी तू ठेव, म्हादूभाऊ. मला नुसती जाळी दे!"

"जाळी घेऊन काय करणार?"

"टोपी घालणार. नळीला!"

म्हादूने कपाळावर हात मारला, पण घोसाळी दिली.

ठकूबाईने सालं काढली, बिया झटकल्या आणि एक जाळी हौदातल्या नळीच्या तोंडावर चढवून सुतळीने बांधली. चार दिवसांत जाळी काळी झाली. धुवायला म्हणून तिने ती काढली मात्र, अडकलेली घाण सुटून सुळकन नळीत! "अगं बाई!" तिने घाईघाईने तळहाताने तोंड झाकलं, पण व्हायचं ते झालं होतं.

दुसऱ्या दिवशी तिने एकावर एक अशा दोन टोप्या घातल्या. आता वरची काढून धुतली तरी आतली पहाऱ्यावर! वरच्या टोपीवर गाळ बसायचा, दिवसाआड ती काढायची, खळखळून धुवायची, परत चढवायची. घटकाभराचंही काम नाही. नळीत ओढली जाणारी माशांची बारीक पिल्लंही वाचू लागली.

पौर्णिमेच्या सकाळी राजा सगळा दरबार घेऊन आला.

"हं, ठकू! कर आता रांजण साफ!"

"झाला की, सरकार!"

"कधी?"

"महिनाभर करतेच आहे!"

"खोटं! रांजणाला हात लावताना तुला कुणीही पाहिलं नाही!"

"हात घालायचा नाही, हीच तर सरकारांची अट होती!"

राजाने झाकणाचा चुना फोडायला लावला. स्वतः बाह्या सावरून त्याने ओंजळभर वाळू काढली. बोटांत चोळली, नाकाशी नेली, उजेडात धरली. वाळू नुकतीच नदीकाठून आणल्यासारखी! फक्त कडेला चिमूटभर काळं होतं.

"आणि हे काय?" राजाने ती चिमूट पुढे केली.

"ती माझी पहिली चूक, सरकार. एकाच टोपीवर भागेल असं वाटलं होतं!"

तिने नळीवरच्या जाळ्या दाखवल्या, वरची काढली, सगळ्यांसमोर खळखळून धुतली आणि परत चढवली. रहाट फिरतच होता. राजाचा चेहरा मात्र उतरला.

"म्हणजे सगळं काम या दोन घोसाळ्यांचं," तो हळूच म्हणाला. "मग माझा रांजण काय शोभेला?"

ठकूबाईने पदर सावरला.

"असं कसं, सरकार? पाणी निर्मळ करायचं ते तुमच्या रांजणानेच! घोसाळं बिचारं दारात उभं राहून पाण्याला एवढंच सांगतं, 'बाबा रे, राजाच्या घरात शिरतोयस, चिखलाच्या वहाणा बाहेर काढ!'"

राजा असा खदखदून हसला की त्याच्या हातातली वाळू दिवाणजींच्या पागोट्यावर उडाली! हसतहसतच त्याने गळ्यातली मोत्यांची कंठी काढून ठकूबाईच्या हातावर ठेवली आणि वाड्यातल्या यच्चयावत हौद-कारंज्यांचा कारभार त्याच दिवशी तिच्याकडे सोपवला.