मामांची सोवळी जीप

भोळी माणसं गावोगाव असतात. कुसळवाडीत जो भोळा होता त्याचं नाव गेनबा. त्याला जे सांगाल ते तो करायचा. तेवढंच करायचा. कधी करायचं नाही, हे मात्र त्याला वेगळं सांगावं लागायचं, आणि तेवढा वेळ गावात कोणालाच नव्हता.

गेनबाच्या मामांकडे, म्हणजे हैबतरावांकडे, एक जुनी लष्करी जीप होती. डोंगर चढायला आणि ओढे तुडवायला बनवलेली. मामांनी ती लिलावात घेतली आणि पंचवीस वर्षं उसात, शेणखतात, गुडघाभर चिखलात पळवली. मग मामांना वाटलं, आता आपलं वय मिरवायचं आहे. त्यांनी जीप तालुक्याला रशीद मिस्त्रीकडे दिली. मिस्त्रीनं तिचं टप कापलं, तिला वीतभर खाली बसवलं, रुंद चकचकीत चाकं लावली, मोरपंखी रंग मारला, मखमली सीटा टाकल्या आणि तीन सुरांचा हॉर्न बसवला. चारही चाकं फिरवणारा दांडा काढून टाकला. चिखलातून बाहेर काढायला जन्मलेली गाडी आता सोवळ्यात गेली. बाजारच्या दिवशी मेन रोडवरून हळूहळू जायचं आणि लोकांनी बघायचं, एवढंच तिला काम उरलं.

मामांना एक मुलगी होती, सुगंधा. मामाची पोर म्हणून तिच्यावर गेनबाचा पहिला हक्क, असं गेनबाची आई येता-जाता भावाला ऐकवायची. मामा ऐकून न ऐकल्यासारखं करायचे. सुगंधाची मात्र ना नव्हती.

"सांगितलेलं ऐकणारा नवरा या पंचक्रोशीत दुसरा दाखवा," ती म्हणायची.

शेवटी एका रविवारी पुण्याचं एक इंजिनिअर स्थळ सुगंधाला बघायला यायचं ठरलं. पाच वाजता. त्याच दिवशी जीपही तयार झाली. गेनबाची आई सकाळी सकाळीच भावाच्या ओसरीवर येऊन बसली आणि रडायला लागली. मामा वैतागले. चार माणसांसमोर म्हणाले, "रडू नकोस, आक्के. माझा शब्द ऐक. आज पाचच्या आत, एक ओरखडा न लागता, जो कोणी माझी जीप माझ्या अंगणात आणून उभी करील, त्याला सुगंधा दिली. जा, पाठव तुझ्या लेकाला."

गेनबा एसटीनं तालुक्याला गेला. मिस्त्रीनं त्याच्या हातात चावी दिली. मामांनी फोनवरून पहिली अक्कल दिली.

"गेनबा, ही गाडी आता शेतातली राहिली नाही. डांबरावरची आहे. काही झालं तरी डांबर सोडून खाली उतरवायची नाही."

"बरं मामा," गेनबा म्हणाला. त्यानं ते तीनदा मोठ्यानं म्हटलं आणि डोक्यात पक्कं बसवलं.

निघाला. गाडी अशी संथ चालली होती की शेळ्यांचा एक कळप तिच्या मागून येऊन पुढे निघून गेला. रस्ता एकेरी. अशा रस्त्यावर समोरून वाहन आलं की दोघांनी एकेक बाजूची चाकं मातीत उतरवायची, ही आपल्याकडची रीत. समोरून एसटी आली. एसटीनं आपली चाकं उतरवली. गेनबा मधोमध थांबला.

कंडक्टर खाली आला. "ओ पाहुणं, गाडी जरा खाली घ्या."

"जमणार नाही. डांबर सोडायचं नाही, असं मामांनी सांगितलंय."

"मग काय आम्ही सगळंच सोडायचं?"

"ते तुमच्या मामांना विचारा."

कंडक्टरनं शिट्टी वाजवली. ड्रायव्हरनं कपाळाला हात लावला. मग प्रवासी खाली उतरले. एकानं गेनबाला आईवरून शिवी दिली, दुसऱ्यानं सीटची मखमल चाचपून बघितली आणि कितीला पडली ते विचारलं. पाऊण तास गेला. अखेर कंडक्टरनंच गेनबाच्या फोनवरून मामांना फोन लावला.

मामा इतके ओरडले की ते एसटीत मागच्या सीटवर बसून राहिलेल्या म्हातारीलाही ऐकू आलं. "अरे बैला! समोरून आपल्यापेक्षा मोठं कोणी आलं की आपण बाजूला उतरायचं! मान खाली घालायची आणि तो पुढे जाईपर्यंत थांबायचं!"

"बरं मामा."

गेनबानं चाकं मातीत घातली. जीपला बरं वाटलं असावं, कारण इंजिनाचा आवाज सुधारला. एसटी गेली. गेनबानं नवी अक्कल तीनदा म्हटली आणि जुनी काढून टाकली. त्याच्या डोक्यात एका वेळी एकच मावायची.

दोन मैलांवर वळण होतं. वळणावर आमदार तात्यासाहेब उभे होते. म्हणजे त्यांचा फ्लेक्स उभा होता. दोन मजली. हात वर केलेला, दात सगळे बाहेर, डोक्यामागे सूर्य उगवलेला आणि खाली लिहिलेलं, 'विकासपुरुष'. गेनबानं मान वर करकरून बघितलं. त्यानं आयुष्यात पाहिलेला हा सगळ्यात मोठा माणूस होता. त्यानं झटकन गाडी बाजूला उतरवली, मान खाली घातली आणि थांबला.

अर्धा तास झाला. भाजीची पाटी घेतलेली एक म्हातारी आली.

"कुणाची वाट बघतोयस रं लेकरा?"

"तात्यासाहेब पुढं जायची."

म्हातारीनं फ्लेक्सकडे बघितलं, गेनबाकडे बघितलं आणि पाटी खाली ठेवली. "चार वरसं झाली बाबा, ते हितंच हायेत. पुढं बी जात न्हाईत अन् मागं बी सरत न्हाईत. आमच्या वाडीला पाणी आणतो म्हणले, तवापासनं आसंच हसत्यात."

"मग मी काय करू?"

"मामा हाय न्हवं तुला? त्याला इचार."

मामांचा आवाज आता बसला होता. "अरे चित्र आहे ते! हात वर करून, दात काढून तात्यासाहेब उभे दिसले ना, तर अजिबात थांबायचं नाही! बघायचंसुद्धा नाही! सरळ पुढे दामटायची! चार वाजले, लेका!"

"बरं मामा."

गेनबानं तीनदा म्हटलं आणि दामटली.

पुढच्या फाट्यावर रस्त्याचं उद्घाटन होतं. रस्ता तोच होता, खड्डे तेच होते. फीत नवी होती. या रस्त्याचं हे तिसरं उद्घाटन. पहिलं रस्ता होण्याआधी झालं, दुसरं निवडणुकीआधी आणि हे कशाआधी ते कोणाला माहीत नव्हतं. मांडव होता, बँड होता, ताटात कात्री होती. फितीमागे खरेखुरे तात्यासाहेब उभे होते. समोरून मोरपंखी गाडी येताना बघून त्यांना वाटलं, कोणी बडा पाहुणा आला. त्यांनी हात वर केला आणि दात काढले.

तोच हात, तेच दात. गेनबानं ओळखलं. त्यानं नजर दुसरीकडे वळवली आणि गाडी सरळ दामटली. फीत तटकन तुटली. तात्यासाहेब मांडवाच्या खांबाला जाऊन बिलगले. चित्रानं उडी मारली याचं गेनबाला थोडं नवल वाटलं, पण बघायचं नाही असं सांगितलं होतं, म्हणून त्यानं मागं वळून बघितलं नाही. बँडवाल्यांना गाडी आली की वाजवा एवढंच सांगितलेलं होतं. त्यांनी वाजवायला सुरुवात केली. लोकांनी टाळ्या वाजवल्या. रस्ता सुरू झाला.

पाच मिनिटांत मामांचाच फोन आला. मांडवातून त्यांना सात जणांनी कळवलं होतं.

"गाडीला ओरखडा?"

"नाही मामा. फीत रेशमाची होती."

"ऐक गाढवा. शेवटचं सांगतो. दोन खांबांमध्ये असं काही आडवं बांधलेलं दिसलं की थांबायचं. तोडायचं नाही! दुसऱ्या कोणी तोडलं तर पुन्हा बांधायचं! मोठा पाहुणा येतो, तो कापतो. त्यानं कापलं की पहिली गाडी त्याची. त्याला मानानं पुढं जाऊ द्यायचं आणि आपण मागून टाळ्या वाजवत चालत जायचं. शिरलं डोक्यात?"

"शिरलं मामा."

ते खरंच शिरलं होतं. तीनदा म्हणायचीही गरज पडली नाही.

पाचला वीस मिनिटं कमी असताना जीप मामांच्या फाटकासमोर आली. चाकांना थोडी धूळ, पण डाग नाही, ओरखडा नाही. फाटकापासून अंगण तीस पावलांवर. पाहुण्यांचा अजून पत्ता नव्हता. सुगंधा नवी साडी नेसून फाटकाशीच उभी होती.

"आलास! मला वाटलंच होतं, येशील. चल, आण आत."

गेनबानं इंजिन बंद केलं.

"काय झालं?"

गेनबानं वर बोट दाखवलं. पाहुण्यांसाठी फाटकाच्या दोन खांबांमध्ये झेंडूचं तोरण बांधलेलं होतं. जरा खालीच बांधलं होतं.

"मग? तोरणच आहे ते."

"आडवं बांधलंय. मोठा पाहुणा येईल, तो कापेल."

"गेनबा, तो पाहुणा मला बघायला येतोय!"

"मग तोच कापेल."

सुगंधानं वाद घातला नाही. तिनं हात वर केला, तोरण ओढून तोडलं आणि बाजूला फेकलं. "हे बघ. संपलं तोरण. आता आण आत. तीस पावलं आहेत रे, तीस!"

गेनबा खाली उतरला. त्यानं झेंडू गोळा केले, झाडले, दोऱ्यात ओवले आणि तोरण पुन्हा बांधलं. या वेळी त्यानं दोन्ही बाजूंना दोन दोन गाठी मारल्या.

"अरे, मी सांगतेय ना तुला! माझं ऐक!"

"ऐकतो ना. पण मामांचं आधी ऐकलंय."

सुगंधानं दोन्ही गाठींकडे बघितलं. मग ती पाय आपटत घरात गेली.

पाचला दहा कमी असताना पुण्याची गाडी आली. इंजिनिअर मुलगा खाली उतरला. उंच, चष्मा, पायात पांढरे बूट. गेनबा हात जोडून पुढे गेला.

"मोठे पाहुणे तुम्हीच?"

मुलगा लाजला. "असं समजा."

गेनबानं कडब्याच्या गंजीत खोचलेला विळा आणून त्याच्या हातात दिला. "मग कापा."

"तुमच्याकडे अशी पद्धत आहे का?"

"मामांनी सांगितलंय."

सासरची पद्धत मोडायची नाही, असं मुलाला त्याच्या आईनं गाडीत बजावलं होतं. त्यानं तोरण कापलं. गेनबानं टाळ्या वाजवल्या, जीपचं दार उघडलं आणि चावी त्याच्या हातावर ठेवली.

"पहिली गाडी तुमची. बसा."

मुलगा मोरपंखी रंग बघून आधीच भुलला होता. तो बसला. जीप तीस पावलं अशी रुबाबात गेली की घरातली सगळी माणसं बाहेर आली. तीन सुरांचा हॉर्न वाजला. मागून गेनबा टाळ्या वाजवत चालत आला.

मामांनी घड्याळ बघितलं. पाचला पाच कमी. त्यांनी जीपभोवती एक फेरी मारली, मग दुसरी मारली. ओरखडा नव्हता. गेनबाच्या आईनं तोंडाला पदर लावला.

"आक्के, शब्द म्हणजे शब्द. 'जो कोणी' म्हणालो होतो मी," मामा म्हणाले.

सुगंधाला विचारलं. तिनं एकदा गेनबाकडे बघितलं, एकदा जीपमधल्या इंजिनिअरकडे बघितलं आणि म्हणाली, "पसंत आहे. याला तोरण कापता येतं."

तारीख ठरली. पेढे वाटले गेले. मामांनी गेनबाला जवळ बोलावलं. त्याच्या पाठीवर हात ठेवला. असं त्यांनी पूर्वी कधी केलं नव्हतं.

"शाब्बास, गेनबा. आज पहिल्यांदा तू सांगितलेलं अगदी बरोबर केलंस."

गेनबाला इतका आनंद झाला की त्यानं अख्खा पेढा तोंडात टाकला आणि नवऱ्यामुलासाठी पुन्हा टाळ्या वाजवल्या.